पाहुण्याच्या हातात रेडिओ होता, विमान मात्र नव्हतं: एका ट्रायल फ्लाइटचं पोस्टमॉर्टेम

क्लबच्या मैदानावर पाहुण्यांना आरसी (म्हणजे रिमोटने उडणारं) विमान उडवून बघू देण्याबद्दल जे काही बोललं जातं ते सगळं एकाच मुद्द्याभोवती फिरतं, क्रॅश कसा टाळायचा. हे प्रकरण जरा वेगळं आहे, कारण यात काहीच पडलं नाही, प्रॉप (पुढचा पंखा) सुद्धा तुटला नाही, कोणाला ओरखडाही आला नाही, आणि तरीही तो प्रयोग फसला होता. फसलाय हे आमच्यापैकी कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, ते एका दहा-अकरा वर्षांच्या मुलीने सांगितलं. मग आम्ही खोलात गेलो तेव्हा जे सापडलं ते आधी कोणालाच अपेक्षित नव्हतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी सेटअप सांगतो म्हणजे पुढचं कळेल. पाहुण्यांसाठी ठेवलेलं विमान म्हणजे 1.4 मीटर पंखांचं फोमचं हाय-विंग (पंख वरच्या बाजूला असलेलं) शिकाऊ ट्रेनर, 3 सेलची 2200 ची लिपो बॅटरी, हलक्या वाऱ्यात साधारण 12 मीटर प्रति सेकंद वेगाने फिरणारं, म्हणजे ताशी 43 किलोमीटर. दोन रेडिओ (म्हणजे हातातले रिमोट) केबलने जोडलेले, एक इन्स्ट्रक्टरकडे, एक पाहुण्याकडे, ज्याला सगळे बडी बॉक्स म्हणतात तो प्रकार. इन्स्ट्रक्टरच्या रेडिओवर स्प्रिंगचा ट्रेनर स्विच असतो, तो बोटाने ओढून धरला की पाहुण्याच्या स्टिक चालतात, सोडला की त्याच क्षणी विमान परत इन्स्ट्रक्टरकडे येतं. स्प्रिंगचाच स्विच का, तर घाबरलेल्या माणसाचं बोट आपोआप सुटतं, आणि सुटलं की विमान अनुभवी हातात यायला हवं. पाहुण्याचा रेडिओ बंद पडला, केबल निघाली, तो हातातून खाली पडला, काहीही झालं तरी स्विच सोडला की विषय संपला. ही व्यवस्था उत्तम आहे आणि पुढे जे काही झालं त्यात तिचा काडीचाही दोष नाही.

टेकऑफ आणि लँडिंग इन्स्ट्रक्टरच करणार, वर नेऊन विमान सरळ केलं की पाहुण्याला द्यायचं, तीन-साडेतीन मिनिटं, मग पुढचा. एका बॅटरीत दोन पाहुणे. पाहुणे पिटच्या (विमानं तयार करायच्या जागेच्या) मागच्या रेषेबाहेर उभे, ज्याची पाळी तोच पुढे, आणि पुढे येईपर्यंत थ्रॉटल कट ऑन, म्हणजे मोटर बंद. इथपर्यंत सगळं सगळीकडे असतं तसंच.

त्या दिवशी काय झालं

रांगेत एक बाबा आणि त्यांची मुलगी होती. मुलगी बराच वेळ गप्प उभी राहून आधीच्या लोकांच्या फ्लाइट बघत होती, म्हणजे विमान नाही, ती लोकांचे हात बघत होती. हे आम्हाला नंतर आठवलं. तिची पाळी आली, आमच्या सगळ्यात अनुभवी इन्स्ट्रक्टर काकांनी विमान वर नेलं, चांगलं 120 मीटरच्या आसपास, आणि म्हणाले, "हं बाळा, आता तू उडव, उजवी स्टिक हळू डावीकडे कर." तिने केली. विमान डावीकडे वळलं, परत आलं, उजवीकडे वळलं, दोन मोठे गोल झाले, काका "शाब्बास, मस्त" करत होते, बाबा मोबाइलवर व्हिडिओ काढत होते. उतरल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मुलीने रेडिओ परत दिला आणि अगदी शांतपणे म्हणाली, "मी मध्ये स्टिक उलटी करून बघितली, तरी ते त्याच बाजूला वळत होतं. काकाच उडवत होते ना?"

बाबा ओशाळले, "अगं असं नाही म्हणू," वगैरे. काका हसले, "अगं तूच उडवत होतीस, मी फक्त मध्ये मध्ये मदत केली." ती काही बोलली नाही. पण ती जे बोलली ते खोटं नव्हतं, आणि लहान मुलाला आपण फसवलं गेलोय हे कळलं की त्याच्या चेहऱ्यावर जे येतं ते आलं होतं, राग वगैरे नाही, नुसता उत्साह निघून गेला.

संध्याकाळी सामान आवरताना यावर जी चर्चा झाली ती क्लबमध्ये होते तशीच झाली. एक गट म्हणाला पोर चिकित्सक आहे, सोडून द्या, बाकी सगळे खूश होऊन गेले ना. दुसरा गट म्हणाला काका भित्रे झालेत, स्विच धरतच नाहीत, दुसरा इन्स्ट्रक्टर ठेवा. काकांना हे लागलं. त्यांचं म्हणणं, मी देतोय हो विमान, पण यांना दिलं की ते वळतच नाही, सरळ लांब लांब जात राहतं, मग मला घ्यावंच लागतं. ही गोष्ट ते दर वेळी सांगत होते आणि दर वेळी आम्ही ती "नवखे लोक घाबरून स्टिक हलवत नाहीत" या खात्यात टाकून मोकळे होत होतो.

लॉग काय म्हणतो

इन्स्ट्रक्टरच्या रेडिओवर एजटीएक्स हे सॉफ्टवेअर आहे आणि त्यात एसडी कार्डवर लॉग चालू ठेवलेला होता, खरं तर बॅटरीच्या व्होल्टेजसाठी. पण त्या सीएसव्ही फाइलमध्ये टेलिमेट्रीसोबत (विमानाकडून येणाऱ्या आकड्यांसोबत) सगळ्या स्विचच्या पोझिशनही येतात, म्हणजे ट्रेनर स्विच कधी ओढला आणि कधी सोडला ते ओळीओळीने दिसतं. हे बघायचं आधी कोणाला सुचलंच नव्हतं. काकांना विचारून फाइल उघडली (विचारणं महत्त्वाचं, कारण हा एका माणसाच्या बोटाचा हिशोब आहे आणि तो पाठीमागे काढला की क्लबात वर्षभर पुरेल एवढं राजकारण होतं).

मुलीच्या साडेतीन मिनिटांच्या पाळीत स्विच एकूण चाळीसेक सेकंद ओढलेला होता. तेही सलग नाही, तुकड्या-तुकड्यांनी, आठ सेकंद, दहा सेकंद, पाच सेकंद. म्हणजे वेळेच्या हिशोबाने विमान तिच्याकडे पाचवा हिस्साच होतं. इथे दुसरा गट म्हणाला, बघा, सांगत नव्हतो? पण मग त्या दिवसाच्या बाकी पाहुण्यांचं बघितलं, दुसरे इन्स्ट्रक्टर उभे असतानाच्या फ्लाइटही त्यात होत्या, आणि तिथेही चित्र तेच. तरुण, बिनधास्त, स्वतः थ्रीडी (कसरतीची विमानं) उडवणारा मुलगा इन्स्ट्रक्टर असतानाही दहा-बारा सेकंदांच्या वर स्विच धरलेला नाही. सगळेच भित्रे कसे असतील. आणि तुकडे साधारण एकाच लांबीचे का, हा प्रश्न जास्त इंटरेस्टिंग होता.

आमच्या फ्लाइंग बॉक्सची (विमान ज्याच्या आत ठेवायचं त्या आकाशाच्या तुकड्याची) हद्द धावपट्टीच्या मध्यापासून डावी-उजवीकडे साधारण 150 मीटर. 12 मीटर प्रति सेकंदाने मध्यापासून कडेपर्यंत जायला साडेबारा सेकंद लागतात. म्हणजे पाहुण्याला विमान मध्यावर दिलं आणि ते वळलंच नाही तर बारा सेकंदांत इन्स्ट्रक्टरला घ्यावंच लागणार. काका अक्षरशः खरं बोलत होते.

मग विमान वळत का नव्हतं?

पंखावर मोबाइल

इथून पुढचा भाग मला सगळ्यात आवडतो. त्या विमानात पाहुण्यांसाठी स्टॅबिलायझर (विमान आपोआप सावरणारं उपकरण) सेल्फ-लेव्हल मोडवर असतो. या मोडमध्ये एलेरॉनची (पंखाच्या मागच्या कडेच्या, विमान डावी-उजवीकडे झुकवणाऱ्या फळ्यांची) स्टिक म्हणजे "एवढ्या अंशात झुकून राहा" असा हुकूम, स्टिक मध्ये सोडली की विमान स्वतः सपाट होतं. तर हे जमिनीवर मोजता येतं. प्रॉप काढला, विमान दोघांनी हातात धरलं, पंखावर मोबाइल आडवा ठेवून कोन दाखवणारं ॲप चालू केलं, तिसऱ्याने ट्रेनर स्विच ओढून धरला आणि चौथ्याने पाहुण्याच्या रेडिओवर एलेरॉन पूर्ण उजवीकडे दाबून धरला. आता एलेरॉन हलून राहतात. मग विमान हळूहळू उजवीकडे तिरकं करत जायचं, आणि ज्या कोनावर एलेरॉन परत पंखाच्या रेषेत सपाट येतात तो कोन म्हणजे त्या स्टिकने विमान हवेत जेवढं झुकणार तेवढा. स्टॅबिलायझरची हद्द 45 अंश ठेवलेली होती, त्यामुळे पूर्ण स्टिकला चाळीसच्या पुढे काहीतरी दिसायला हवं होतं.

मोबाइलवर 10 पण पूर्ण नाही.

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. स्टिक पूर्ण कडेला टेकलेली, आणि विमान नऊ-दहा अंश झुकणार. कोणीतरी म्हणालं कॅलिब्रेशन गेलंय. इन्स्ट्रक्टरच्या रेडिओने तेच केलं तर 27 आलं, म्हणजे सेन्सर ठीक होता, पण हेही 45 नव्हतं.

मग एकेक पदर सुटत गेला. पहिला, मॉडेलमध्ये पाहुण्यांसाठी लो रेट 60 टक्के ठेवलेला, म्हणजे पूर्ण स्टिकलाही एवढाच हुकूम जाणार. 45 चे 60 टक्के म्हणजे 27, तो आकडा तिथून आला. दुसरा, त्याच्यासोबत 40 टक्के एक्स्पो, म्हणजे स्टिकच्या मधल्या भागात हालचाल आणखी मऊ. हे दोन्ही विमानाच्या मालकाने सुरुवातीला टाकले होते, तेव्हा विमानात स्टॅबिलायझर नव्हताच, आणि तेव्हा ते अगदी बरोबर होते. तिसरा पदर मात्र कोणालाच आठवत नव्हता. रेडिओच्या सिस्टीम सेटिंगमध्ये ट्रेनरचं एक पान असतं, तिथे पाहुण्याच्या प्रत्येक स्टिकचं वजन, म्हणजे तिचा किती हिस्सा पोहोचू द्यायचा ते, ठरवता येतं, आणि एलेरॉन-एलिव्हेटरसमोर (एलिव्हेटर म्हणजे नाक वर-खाली करणारी शेपटीची फळी) 50 टक्के लिहिलेलं होतं. एका पाहुण्याने पूर्वी एलिव्हेटर खचकन ओढून विमानाचा लूप केला होता, त्यानंतर कोणीतरी काळजीपोटी ते निम्मं करून ठेवलं आणि नंतर स्टॅबिलायझर बसवला तेव्हा ते तसंच राहून गेलं.

हे पान मॉडेलच्या मेमरीत नसतं, रेडिओच्या जनरल सेटिंगमध्ये असतं. म्हणजे तुम्ही मॉडेलची सगळी पानं उलटून बघितली तरी ते दिसणार नाही, दुसरं मॉडेल निवडलं तरी ते लागूच राहणार. आणि इन्स्ट्रक्टर स्वतः उडवून तपासतो तेव्हा त्याच्या स्टिकला ते लागूच होत नाही. म्हणून प्रत्येक वेळी टेस्ट फ्लाइट ओके, आणि पाहुण्याच्या हातात विमान मेल्यासारखं.

आता हिशोब करा. पाहुण्याची स्टिक पूर्ण कडेला, त्याची निम्मी म्हणजे 0.5 इन्स्ट्रक्टरच्या रेडिओत पोहोचते. त्यावर 40 टक्के एक्स्पो लागला की उरतात 0.35. त्याचे 60 टक्के म्हणजे 0.21. आणि 45 अंशांचे 0.21 म्हणजे साडेनऊ अंश, मोबाइलने दाखवलं तेच. हे झालं पूर्ण स्टिकचं. पण पाहुणा कधी पूर्ण स्टिक दाबतो? त्याला आपणच सांगतो, हळू, हलक्या हाताने. अर्धी स्टिक दाबली तर याच हिशोबाने चार अंशांच्या जेमतेम वर उत्तर येतं.

चार अंशांत विमान वळतं का? वळतं. वळणाची त्रिज्या म्हणजे वेगाचा वर्ग भागिले गुरुत्वाकर्षणाचं त्वरण गुणिले झुकण्याच्या कोनाचा टॅन. 12 मीटर प्रति सेकंदाला चार अंशांच्या आसपास ती 200 मीटर येते. म्हणजे यू-टर्न मारायला 400 मीटर रुंद आकाश आणि पन्नासेक सेकंद. आमच्याकडे कडेपर्यंत होते साडेबारा सेकंद. पूर्ण स्टिकला सुद्धा त्रिज्या 88 मीटर, म्हणजे अर्ध्या वळणाला 23 सेकंद. तेच 30 अंशांना त्रिज्या 25 मीटर आणि अर्धं वळण साडेसहा सेकंदांत पूर्ण. थोडक्यात पाहुण्याने आपण सांगितलं तसं तंतोतंत केलं असतं तरी विमान बॉक्सच्या बाहेरच गेलं असतं, म्हणून इन्स्ट्रक्टर स्विच सोडणार, स्वतः वळवून मध्यावर आणणार, परत देणार, परत तेच. जी दोन "मस्त" वळणं सगळ्यांनी टाळ्या वाजवून बघितली ती सगळी काकांची होती.

उंचीने वर आणखी पडदा टाकला होता. 120 मीटर (400 फूट) ही कित्येक देशांतल्या नियमांची वरची हद्द आहे, ती काही पाहुण्याला शिकवायची उंची नाही, पण जास्त उंची म्हणजे जास्त सेफ या हिशोबाने आम्ही तिथेच जात होतो. वर 120 मीटर आणि समोर थोडं लांब म्हणजे डोळ्यापासून विमान सहज 150 मीटर. त्या अंतरावर 1.4 मीटरचं विमान पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीएवढं दिसतं. ऐकायला बरं वाटतं, पण चार अंश झुकलं की दोन पंखांच्या टोकांत फरक पडतो फक्त 10 सेंटिमीटरचा, तो 150 मीटरवरून नवख्या डोळ्याला काय दिसणार. म्हणजे पाहुणा स्टिक हलवतो, त्याला काहीच झालेलं दिसत नाही, तो आणखी हलवतो किंवा सोडून देतो, आणि तेवढ्यात कधीतरी विमान जोरात वळतं कारण ते इन्स्ट्रक्टरने घेतलेलं असतं. त्यातून त्याला काय शिकायला मिळणार? की स्टिक आणि विमान यांचा काही संबंध नाही. मुलीने प्रयोग करून हाच निष्कर्ष काढला होता, आणि काढायची पद्धत अगदी बरोबर होती.

काय काढायचं, काय ठेवायचं

मीटिंग लांबली. बिनधास्त पोरांचं म्हणणं सगळंच काढा, स्टॅबिलायझरही नको, खरं विमान उडवू द्या. हे मला पटलं नाही आणि अजून पटत नाही. आयुष्यात पहिल्यांदा स्टिक धरणाऱ्या माणसाची ठरलेली चूक म्हणजे वळवायला दाबतो आणि मग दाबूनच ठेवतो, सेल्फ-लेव्हल नसेल तर विमान झुकत झुकत नाक खाली करून स्पायरलमध्ये जातं आणि इन्स्ट्रक्टर परत पाच सेकंदांत घेणार. फिरून त्याच जागी. दुसरीकडे ज्यांनी विमान चिकटवण्यात बरेच रविवार घालवलेत त्यांचं म्हणणं, तीन पदर आहेत तर आहेत, पडत नाही ना. त्यांनाही उत्तर एकच होतं, मग पाहुण्याला रिकामा रेडिओ द्या आणि केबलचा खर्च वाचवा.

ठरलं असं की काळजीचा एकच पदर ठेवायचा पण तो पक्का. सेल्फ-लेव्हल राहील, कारण तो एकटाच असा आहे जो पाहुण्याने घाबरून स्टिक सोडली तर मदत करतो. रेट आणि वजन कमी करून ते होत नाही, ते फक्त हुकूम बारीक करतात. ट्रेनरचं वजन 100, रेट 100, एक्स्पो 20. स्टॅबिलायझरची हद्द मात्र 45 वरून 35 केली, कारण 45 अंशांच्या वळणात विमानावर 1.41 पट भार येतो आणि स्टॉलचा वेग (ज्याच्या खाली पंख विमान तोलू शकत नाहीत तो) 19 टक्क्यांनी वाढतो, 35 अंशांना ही वाढ 10 टक्के असते, आणि पाहुण्याला वळताना किंचित एलिव्हेटर ओढायचं भान पहिल्या दिवशी नसतंच. नवीन हिशोबात अर्ध्या स्टिकला 15 अंश, त्रिज्या 55 मीटर, अर्धं वळण चौदा-पंधरा सेकंदांत. बॉक्समध्ये आरामात बसतं, जर विमान पाहुण्याला मध्यावर न देता कडेला, आत वळायला तोंड करून दिलं तर. हा शेवटचा बदल काकांचा, आणि माझ्या मते सगळ्यात मोठा. आधी आपण विमान देत होतो अशा जागी जिथून पाहुण्याकडे बारा सेकंदांचंच आयुष्य होतं, आता पूर्ण 300 मीटरची लांबी आणि समोर एक वळण.

थ्रॉटल आणि रडर (शेपटीचं उभं सुकाणू) पाहुण्याला द्यायचेच नाहीत हेही ठरलं, आणि ते त्याला आधीच स्पष्ट सांगायचं: "डावी स्टिक आत्ता चालत नाही, पॉवर माझ्याकडे आहे, उजवी स्टिक पूर्ण तुमची." आमचे सगळे रेडिओ मोड 2 (एलेरॉन आणि एलिव्हेटर दोन्ही उजव्या स्टिकवर) आहेत म्हणून उजवी, मोड 1 वाल्यांनी आपापलं बघावं, तिथे एलेरॉन उजवीकडे पण एलिव्हेटर डावीकडे असतो आणि पाहुण्याला एका वेळी एकच हात देणं शक्य नसतं.

बोलण्याची पद्धत बदलली. स्विच ओढताना मोठ्याने "तुझ्याकडे", सोडताना "माझ्याकडे", प्रत्येक वेळी, अपवाद नाही. मोठ्या विमानांत दोन पायलट कंट्रोल देता-घेता हेच करतात, तोंडाने बोलून, दुसऱ्याने तेच परत म्हणून, म्हणजे विमान आत्ता कोणाकडे आहे याबद्दल शंका राहत नाही. आम्ही रेडिओलाही स्विचबरोबर एक आवाज लावून दिला. काकांना सुरुवातीला हे नाटक वाटलं, कारण त्यांच्या मते पाहुण्याला न कळता सावरून घेणं हीच इन्स्ट्रक्टरची कला. पाहुण्याचा आत्मविश्वास राहतो म्हणे. मला उलट वाटतं, न कळता घेतलं की पाहुण्याला त्याच्या स्टिकचं आणि विमानाच्या वळण्याचं गणित जुळवताच येत नाही.

उंची 60 ते 70 मीटर. 30 च्या खाली गेलं की "माझ्याकडे", चर्चा नाही. 60 वरून स्टॅबिलायझर चालू असलेलं विमान सावरायला पुरेसा वेळ मिळतो, आणि मुख्य म्हणजे झुकलेलं दिसतं.

सिम्युलेटरचा विषयही निघाला, टेबलावर लॅपटॉप ठेवून प्रत्येक पाहुण्याला आधी दोन मिनिटं. चांगलं आहे पण त्याने रांग दुप्पट होते, आणि लहान मुलं स्क्रीनसमोरून उठत नाहीत. रांगेत उभ्या असलेल्यांना नुसता बंद रेडिओ हातात देऊन स्टिकचा अंदाज येऊ देणं आम्हाला जास्त उपयोगी वाटलं.

नंतर काय दिसलं

पुढच्या वेळी पाहुणे आले तेव्हा लॉगमध्ये स्विच पाळीच्या निम्म्याहून जास्त वेळ ओढलेला दिसला, आणि सलग तुकडे अर्ध्या मिनिटापर्यंत गेले. ती मुलगी आणि बाबा परत आले होते, बाबांना फोन करून काय सापडलं ते सांगितलं होतं. या वेळी तिने काकांना आधीच विचारलं, "आज उलटी स्टिक केली तर?" काका म्हणाले, "कर, बघ." तिने केली, विमान उलटं वळलं, ती जोरात हसली आणि मग पुढची दोन मिनिटं खरीच गोंधळली, कारण विमान तोंड करून तिच्याकडे यायला लागलं की डावं-उजवं उलटं होतं. काकांनी जुनीच युक्ती सांगितली, समोरून येतंय ना, मग जो पंख खाली गेलेला दिसतोय त्या बाजूला स्टिक ढकल. एकदा चुकली, विमान आणखी झुकलं, तिने स्वतःच सोडून दिलं, सपाट झालं, परत बरोबर केलं. काकांचं बोट स्विचवरच होतं, सुटलं नाही. मला वाटतं हे त्यांनाही सोपं गेलं नसणार.

सगळं गोड झालं असं नाही. एका मोठ्या माणसाने दोन्ही स्टिक मुठीत धरल्यासारख्या पकडल्या आणि एलिव्हेटर पुढे दाबूनच ठेवला, विमान नाक खाली करून वेगात आलं, 30 च्या जरा वरच "माझ्याकडे" झालं, आणि बघणाऱ्यांचा श्वास अडकला तो अडकलाच. जुन्या 50 टक्क्यांत हे एवढं झालं नसतं, हे ज्यांना म्हणायचं होतं त्यांनी लगेच म्हटलं, आणि ते खरंच आहे. त्यानंतर फक्त पिचची (नाक वर-खाली होण्याची) हद्द वेगळी करून 20 अंशांवर आणली, तो स्टॅबिलायझर तसं करू देतो. एलेरॉनला हात लावला नाही.

वाऱ्याचा प्रश्न मात्र नव्याने आला. आधी विमान सगळा वेळ इन्स्ट्रक्टरकडेच असायचं म्हणून वारा जाणवत नव्हता. आता पाहुणा चौदा-पंधरा सेकंद वळतो आणि 5 मीटर प्रति सेकंद वारा असेल तर तेवढ्या वेळात विमान 70-75 मीटर वाऱ्यासोबत वाहून जातं, वळण बॉक्समध्ये सुरू होतं आणि बाहेर संपतं. त्यामुळे 4 च्या वर गेलं की पाहुण्यांचं उडवणं थांबवायचं असा माझा आग्रह आहे, काका म्हणतात 6 पर्यंत चालेल, वाऱ्याच्या वरच्या बाजूला नेऊन दिलं की झालं. त्यांच्या हातात चालेलही, बाकी दोघांच्या हातात चालेल का हे बघायचंय.

आणि रांग. आधी लोक एकदा उडवून थँक्यू म्हणून जायचे, आता पाळी संपली की परत रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहतात. बॅटऱ्या पुरत नाहीत. सध्या पहिली पाळी सगळ्यांची झाल्याशिवाय दुसरी नाही एवढाच नियम आहे, त्यावरूनही एक-दोघं नाराज होऊन गेले.

रेडिओतलं ट्रेनरचं पान लॉक करता येत नाही, कोणीही उद्या परत काळजीपोटी तिथे 50 लिहू शकतो, म्हणून पहिला पाहुणा येण्याआधी प्रॉप काढून पंखावर मोबाइल ठेवायची टेस्ट ठरवून टाकली आहे, पाहुण्याच्या रेडिओवरूनच करायची, पूर्ण स्टिकला 35 च्या आसपास यायला हवेत. टेस्ट ज्या दिवशी ज्याची ड्यूटी त्याने करायची आणि आकडा फळ्यावर लिहायचा. मागच्या वेळी 33 होता.